एका लेखणीचं भजन, एका लेखणीची नात

रमजान आला की मोबाईलवर एक संदेश हमखास फिरू लागतो. ‘बैजू बावरा’मधलं मालकंसातलं ते प्रसिद्ध भजन लिहिलं शकील बदायुनी यांनी, चाल दिली नौशाद यांनी, गायलं महंमद रफींनी, तिघेही मुसलमान! संदेश पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्या उद्गारचिन्हात थोडं नवल दडलेलं असतं. जणू काही हा चमत्कार एका संध्याकाळी आपोआप घडला. तो तसा घडला नव्हता. त्यामागे एका माणसाचा अभ्यास होता, कान होता आणि रोजची मेहनत होती. रमजान हा मेहनतीचा आणि संयमाचा महिना असल्यामुळे शकीलसाहेबांची ही बाजू आज सांगावीशी वाटते.

शकील यांचा जन्म 3 ऑगस्ट 1916 रोजी उत्तर प्रदेशातल्या बदायूँ इथे झाला. हजरत निजामुद्दीन औलियांचं जन्मगाव तेच. घरात धार्मिक वातावरण होतं. वडिलांनी मुलाला घरीच अरबी, फारसी, उर्दू आणि हिंदी शिकवण्याची व्यवस्था केली. नात्यातले झिया-उल-कादरी हे धार्मिक काव्य लिहिणारे शायर होते. त्यांचा संस्कार लहानपणीच झाला. नात, म्हणजे पैगंबर साहेबांच्या स्तुतीचं काव्य, त्यांनी असं घरातच ऐकलं. 1936मध्ये ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात दाखल झाले आणि महाविद्यालयांमधले मुशायरे गाजवू लागले. बी.ए. झाल्यावर दिल्लीत पुरवठा खात्यात नोकरी धरली. मुशायरे मात्र सुटले नाहीत.

तो काळ पुरोगामी लेखकांचा होता. गरिबी, शोषण, क्रांती हे शायरीचे विषय झाले होते. शकील त्या प्रवाहात गेले नाहीत. प्रेम, विरह आणि मनाची तगमग हेच त्यांचे विषय राहिले. यासाठी त्यांच्यावर टीकाही झाली. पण पुढे सिनेमाला नेमकी हीच भाषा हवी होती : हळवी, सोपी आणि पहिल्यांदा ऐकतानाच कळणारी.

1944मध्ये ते मुंबईला आले. निर्माते ए. आर. कारदार आणि संगीतकार नौशाद यांची भेट झाली. नौशाद यांनी ‘तुमची शायरी एका ओळीत सांगा’ असं म्हटलं आणि शकील यांनी तिथल्या तिथे शेर ऐकवला, असा किस्सा सांगितला जातो. 1947च्या ‘दर्द’ची गाणी त्यांनी लिहिली. त्यातलं उमादेवी यांनी गायलेलं गाणं देशभर वाजलं. याच उमादेवी पुढे ‘टुनटुन’ या नावाने विनोदी अभिनेत्री म्हणून ओळखल्या गेल्या. मग ‘मेला’, ‘दुलारी’, ‘दीदार’, ‘बैजू बावरा’, ‘अमर’, ‘उडन खटोला’, ‘मदर इंडिया’ अशी नौशाद-शकील जोडीची रांगच लागली.

तबकडीच्या त्या काळात गीतकाराला जागा किती कमी असायची, हे आज लक्षात येत नाही. 78 फेऱ्यांच्या रेकॉर्डच्या एका बाजूला साधारण तीन-सव्वातीन मिनिटं मावत. त्यात सुरुवातीचं वाद्यवादन, मधले तुकडे, मुखडा आणि दोन-तीन अंतरे बसवायचे. अनेकदा चाल आधी तयार असे आणि शब्द तिच्या मापाने शिवावे लागत. गझलेत शायर स्वतःच्या मनातलं बोलतो. गाण्यात मात्र त्याला दुसऱ्याच्या तोंडून बोलायचं असतं, कधी शेतकरीण, कधी कव्वाल, कधी देवळासमोर उभा असलेला भक्त.

दुसऱ्याच्या तोंडून बोलायचं तर आधी त्याची भाषा यावी लागते. ‘बैजू बावरा’ 1952मध्ये आला. त्यातल्या भजनासाठी शकील यांनी गझलेचे सगळे ओळखीचे शब्द बाजूला ठेवले. साकी, महफिल, शमा यांतलं काहीच तिथे नाही. तिथे ब्रज वळणाची हिंदी आहे, दर्शनाची आस आहे, गुरूवाचून ज्ञान नाही ही भावना आहे. उर्दूच्या शायराने हिंदीची ही नक्कल केली, असं ऐकताना कुठेही वाटत नाही. याच चित्रपटातल्या अकबराच्या दरबारातल्या जुगलबंदीचे शब्दही शकील यांचेच. ती गायली उस्ताद अमीर खाँ आणि पंडित द. वि. पलुस्कर यांनी. पलुस्कर हे विष्णु दिगंबरांचे चिरंजीव, जन्माने नाशिकचे.

आता 1960 हे एकच वर्ष पाहा. ‘कोहिनूर’मध्ये रफींनी गायलेलं हमीर रागातलं राधेचं गीत शकील यांचं. ‘चौदहवीं का चाँद’चं शीर्षकगीतही त्यांचंच. चौदहवीचा चंद्र म्हणजे आपल्या पौर्णिमेचा चंद्र. रमजान निम्म्यावर येतो तेव्हा आकाशात तोच असतो. आणि त्याच वर्षी ‘मुगल-ए-आझम’ आला. साखळदंडांत जखडलेली अनारकली मदीनेच्या पैगंबरांना साकडं घालते, ती नात शकील यांची आणि आवाज आपल्या लता मंगेशकरांचा. नशीब फिरलंय, नाव भोवऱ्यात सापडली आहे, आता आपणच कृपा करा, एवढंच तिचं म्हणणं. इथे भाषा पुन्हा बदलते. फारसीतून आलेले, नात ऐकणाऱ्यांच्या कानांना सवयीचे शब्द येतात. राग मात्र केदार, नावातच महादेव असलेला.

उर्दू शिकवताना मी विद्यार्थ्यांना सांगते की नात लिहिणं हे तलवारीच्या धारेवर चालणं मानलं जातं. स्तुती कमी पडली तर बेअदबी, मर्यादेपलीकडे गेली तरी चूक. शायराने स्वतःची हुशारी मिरवायची नाही, हा तिथला पहिला संकेत. शकील हा संकेत बालपणापासून जाणत होते. मला वाटतं, भजन लिहिताना त्यांना तोच उपयोगी पडला. स्वतःच्या श्रद्धेचा अदब ज्याला शिकवलेला असतो, त्याला दुसऱ्याच्या श्रद्धेसमोर कसं उभं राहायचं हे कळतं. त्यांच्या एका काव्यसंग्रहाचं नावच ‘सनम-ओ-हरम’ आहे, मूर्ती आणि काबागृहाचा पवित्र परिसर.

महाराष्ट्राला यात परकं वाटावं असं काही नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला, तोही ही भाषा आपली मानूनच.

शकील यांना 1961 ते 1963 अशी सलग तीन वर्षं फिल्मफेअर पुरस्कार मिळाले, ‘चौदहवीं का चाँद’, ‘घराना’ आणि ‘बीस साल बाद’ यांतल्या गीतांसाठी. लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे या तिन्हींचं संगीत नौशाद यांचं नव्हतं. पहिल्या दोन चित्रपटांना रवी यांचं, तिसऱ्याला हेमंतकुमार यांचं. ‘साहिब बीबी और गुलाम’ही हेमंतकुमारांबरोबरचाच. ‘गंगा जमुना’साठी त्यांनी पूरबी बोलीचा गोडवा गाण्यांत आणला. सिनेमाबाहेर त्यांची गझल बेगम अख्तर यांनी गायली आणि ती घराघरांत पोचली.

शेवटची वर्षं सोपी नव्हती. मधुमेह होताच, त्यात क्षयाने गाठलं. उपचारासाठी त्यांना आपल्या पाचगणीत ठेवलं होतं. पैशांची ओढाताण असल्याचं नौशाद यांना कळलं, तेव्हा ते काम घेऊन पाचगणीला गेले आणि नेहमीपेक्षा कितीतरी जास्त मानधन मिळवून दिलं, असं सांगतात. मित्राच्या हातावर मदत ठेवली नाही, काम ठेवलं. रमजानमध्ये जकात आणि सदक्याबद्दल आपण बरंच बोलतो. देणाऱ्याने घेणाऱ्याची मान खाली जाऊ देऊ नये, ही शिकवणही त्यातच आहे. 20 एप्रिल 1970 रोजी मुंबईत शकील गेले. वय अवघं 53.

म्हणून तो संदेश यंदा आला तर जरूर पुढे पाठवा, पण उद्गारचिन्ह काढून. मुसलमानाने भजन लिहिलं याचं नवल करण्यापेक्षा, शेजाऱ्याची प्रार्थना लिहिण्याइतकी त्याची भाषा त्याने मनापासून शिकून घेतली, याची दखल घेतलेली बरी. आपण शेजाऱ्याचे सण जेवणापुरते ओळखतो. शिरखुर्मा आणि पुरणपोळीची देवाणघेवाण गोडच आहे, ती चालू राहावी. पण तरावीहच्या नमाजात काय वाचतात किंवा हरिपाठात काय म्हणतात, हे एकमेकांना विचारायला काय हरकत आहे?

आज तरावीह आटोपल्यावर किंवा रात्रीचं जेवण झाल्यावर दहा मिनिटं काढा. मालकंसातलं ते भजन आणि केदारातली ती नात एकापाठोपाठ ऐका. दोन्हीकडे मागणारा रिकाम्या हातांनीच उभा आहे.