बार्बरा स्टॅनविक : मनातला हिशेब दाखवणारा चेहरा

हॉलिवूडच्या सुवर्णकाळातल्या नायिकांचा विषय निघाला की गार्बोचं गूढ, बेटी डेव्हिसचे डोळे, कॅथरिन हेपबर्नचा तोरा हे सगळं पटकन आठवतं. बार्बरा स्टॅनविकचं असं एका शब्दात वर्णन करता येत नाही. त्या पिढीतली सगळ्यात अस्सल अभिनेत्री मात्र मी तिलाच मानतो. तिने रंगवलेल्या कितीतरी स्त्रिया हलाखीतून वर आलेल्या आहेत. समोरचा माणूस किती पाण्यात आहे, हे त्या पहिल्या नजरेत जोखतात. मग नेमक्या वेळी मन गुंततं आणि हिशेब बिनसतो. डोकं एकीकडे आणि जीव दुसरीकडे ओढतोय, ही अवस्था तिच्याइतकी स्वच्छ मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेली नाही.

तिचं मूळ नाव रूबी स्टीव्हन्स, जन्म 1907 मध्ये ब्रुकलिनचा. चार वर्षांची असताना ट्रामच्या अपघातात आई गेली. वडील पनामा कालव्याच्या कामावर निघून गेले. मोठ्या बहिणीच्या आधाराने, परक्यांच्या घरांत वाढलेली ही मुलगी विशीच्या आतच न्यूयॉर्कच्या रंगमंचावर नाचू लागली. 1926 च्या ‘द नूज’ या नाटकाने तिचं नाव झालं, आणि 1930 मध्ये ‘लेडीज ऑफ लेझर’ या चित्रपटाच्या निमित्ताने दिग्दर्शक फ्रँक काप्रा भेटला. काप्राच्या लक्षात आलं की ही बाई पहिल्याच टेकमध्ये सर्वस्व ओतते. पुढच्या टेकांत तो रंग उतरतो. मग एकाहून जास्त कॅमेरे लावून तो तिचा पहिलाच टेक टिपू लागला.

‘बेबी फेस’मध्ये (1933) ती लिली पॉवर्स आहे. बापाच्या दारूच्या गुत्त्यातून सुटलेली ही मुलगी एका बँकेत शिरते आणि पुरुषांच्या जोरावर मजला-मजला वर चढत जाते. सेन्सॉरने छाटलेला हा चित्रपट मूळ रूपात सापडला तो थेट 2004 मध्ये, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात. कथा भडक आहे, पण तिची थंड नजर आजही अंगावर येते.

‘स्टेला डॅलस’ (1937) म्हटलं की सगळे शेवटाबद्दल बोलतात. मुलीचं लग्न आत चाललंय, आई पावसात रस्त्यावर उभी राहून खिडकीतून बघतेय. तो प्रसंग मोठा आहेच, पण माझ्या मते खरी कमाल रेल्वेच्या डब्यातली आहे. भडक कपडे घालून स्टेला उंची हॉटेलात मिरवली आहे आणि लोक तिला हसले आहेत. परतीच्या प्रवासात रात्री बर्थवर पडल्या पडल्या तिला शेजारच्या मुलींची कुजबुज ऐकू येते : ती बाई लॉरेलची आई आहे म्हणे! लॉरेलनेही ते ऐकलेलं असतं. ती हळूच आईपाशी येते. स्टेला डोळे मिटून झोपेचं सोंग घेते. मुलगी कुशीत शिरते. संवाद नाहीत, हुंदका नाही. आपल्यामुळे मुलीला खाली बघावं लागतंय हे आईला कळलंय, आणि आपल्याला कळलंय हे मुलीला कळू द्यायचं नाही, एवढंच तो चेहरा सांगतो. पुढे मुलीला स्वतःपासून तोडण्याचा निर्णय ती घेते, तो आपल्याला पटतो तो या एका प्रसंगामुळे.

याच बाईने चार वर्षांनी ‘द लेडी ईव्ह’मध्ये (1941) पोट धरून हसवलं. जहाजावर पत्त्यांत लोकांना लुबाडणारी जीन हातातल्या छोट्या आरशात हेन्री फोंडाला न्याहाळते. त्याच्यावर गळ टाकणाऱ्या एकेका बाईची ती मनमुराद टिंगल करते, आणि तो जवळून जाताना पाय मध्ये घालून त्याला पाडते. प्रेस्टन स्टर्जेसचे संवाद वेगवान आहेत, पण शब्दांआधी विचार पोचतो तो तिच्या डोळ्यांत.

बिली वाइल्डरच्या ‘डबल इन्डेम्निटी’त (1944) ती खुनी फिलिस झाली. अशी भूमिका घ्यायला ती कचरत होती. तेव्हा वाइल्डरने तिला, तुम्ही नटी आहात की उंदीर, असं विचारल्याची आठवण तीच सांगत असे. पतीच्या खुनाच्या वेळी कॅमेरा पतीकडे वळतच नाही. ठरल्याप्रमाणे फिलिस तीनदा हॉर्न वाजवते, शेजारच्या सीटवर झटापट होते, आणि पडद्यावर दिसतो तो गाडी चालवणाऱ्या तिचाच चेहरा. नजर समोर, आणि डोळ्यांत समाधानाची किंचितशी चमक. इथे कुणीही जरा जास्त अभिनय केला असता तर प्रसंग हास्यास्पद झाला असता.

स्टेला, फिलिस, ‘बॉल ऑफ फायर’ आणि ‘सॉरी, राँग नंबर’ यांसाठी चार ऑस्कर नामांकनं मिळाली, पुरस्कार एकदाही नाही. 1982 मध्ये मानद ऑस्कर देऊन भरपाई झाली. ती फार उशिरा झाली, असं मला मनापासून वाटतं. ‘फॉर्टी गन्स’मध्ये (1957) तिने पन्नाशीला टेकलेल्या वयात घोड्यामागे फरफटत जाण्याचा प्रसंग स्वतः केला. ‘द बिग व्हॅली’ आणि ‘द थॉर्न बर्ड्‌स’साठी दूरचित्रवाणीने तिला एमी दिली. 1990 मध्ये ती गेली.

तिचे चित्रपट बघायला घेणाऱ्यांनी ‘डबल इन्डेम्निटी’नंतर लगेच डग्लस सर्कचा ‘देअर्स ऑलवेज टुमॉरो’ (1956) बघावा. बारा वर्षांनी समोर ‘डबल इन्डेम्निटी’तला तिचा नायक फ्रेड मॅकमरेच आहे. आता तो घरच्यांनी गृहीत धरलेला, खेळणी बनवणारा संसारी माणूस, आणि ती त्याची जुनी मैत्रीण, यशस्वी ड्रेस डिझायनर. आमच्या वडिलांना सोडा, असं सांगायला त्याची मुलं तिच्याकडे येतात. ती सोडणारच असते. पण त्याआधी त्या मुलांना, बापाकडे कधी धड पाहिलंत का, म्हणून खडसावते. त्या रागात तिचं स्वतःचं दुःख पुरेपूर आहे, तरी त्याचा एक शब्दही ती मुलांपुढे काढत नाही.