भरपाई तुमची, टक्का कुणाचा?

ऑफिसच्या कामात हात-पाय मोडला, तर कंपनी किती देणार, याचं टेन्शन सगळ्यांनाच असतं. पण त्यातलं वकील किती घेणार, हा प्रश्न विचारायला आपण लाजतो. आणि तिथेच फसतो!

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. इव्हेंट मॅनेजमेंटमधली माझी एक मैत्रीण स्टेजचा बॅकड्रॉप लावताना शिडीवरून पडली. उजवं मनगट मोडलं. ऑपरेशन झालं, प्लेट बसली, पण मूठ अजून पूर्ण वळत नाही. कंपनीने पहिलं बिल भरलं आणि मग फोन उचलणंच बंद केलं. कुणीतरी एक वकील सुचवले. ते म्हणाले, 'आत्ता एक रुपया देऊ नका. जिंकलो तर तीस टक्के माझे.' तिला वाटलं, देवमाणूस भेटला! सही करायला डाव्या हातात पेन धरलं आणि ऐनवेळी मला फोन केला, 'हे बरोबर आहे ना गं?'

नाही. आपल्याकडे हे चालतच नाही.

सिनेमातला फंडा इथे नको

'जिंकलो तरच फी' हा प्रकार अमेरिकन सिनेमांत दिसतो, कारण तिथे अशा दाव्यांत तो सर्रास चालतो. भारतात बार कौन्सिलच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून फी ठरवायला आणि मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायला वकिलाला मनाई आहे. तेलंगणातल्या एका बाईंचा नवरा रस्ता अपघातात गेला. भरपाई मिळाल्यावर वकिलाने टक्केवारीने फी मागितली आणि चेक वटला नाही म्हणून त्यांच्यावरच केस केली. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती केस रद्द केली. असा करार लोकहिताच्या विरोधात आहे, असं कोर्टाने स्पष्ट केलं. म्हणून वकील कितीही ओळखीचे असोत, सही केलेला कोरा चेक देऊ नका!

मग फी ठरवायची कशी?

सरळ विचारा. त्यात लाज कसली? ठरावीक रक्कम सांगा म्हणावं, ती दावा दाखल करताना, साक्षी-पुराव्याच्या वेळी आणि निकालाच्या वेळी अशी टप्प्याटप्प्याने विभागून घ्या आणि कागदावर लिहून घ्या. टायपिंग, नोटरी, मेडिकल सर्टिफिकेट हा खर्च फीमध्ये धरलाय की वेगळा, तेही विचारा. प्रत्येक पैशाची पावती मागा.

आणि हायकोर्टात अपील झालं तर? त्याची फी बहुतेक वेळा वेगळी असते. हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, बघा. आपल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात साखर कारखान्याचा एक वॉचमन २००३ मध्ये ड्युटीवर जाताना बाइक अपघातात गेला. खालच्या पातळीवर घरच्यांना ३,२६,१४० रुपये मंजूर झाले, हायकोर्टाने ते रद्द केले, सुप्रीम कोर्टाने परत दिले. साल? २०२५! तीस टक्क्यांचा करार असता, तर मूळ रकमेतलेच जवळपास ९८ हजार वकिलाकडे गेले असते.

फुकट वकील? हो, खरंच!

मुळात असा दावा स्वतः किंवा युनियनच्या पदाधिकाऱ्यामार्फतही चालवता येतो. वकील हवाच असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिलांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी पगाराची अट नाही. औद्योगिक कामगार आणि दिव्यांगांनाही तो हक्क आहे. हेल्पलाइन नंबर १५१००.

वकिलाकडे जाण्याआधी स्वतःची सॅलरी स्लिप बघा. पगार महिन्याला २१ हजारांपर्यंत असेल आणि ईएसआय कापला जात असेल, तर भरपाई तिथूनच मिळते. तात्पुरतं काम बंद पडलं, तर पगाराच्या सुमारे ९० टक्के. ईएसआय नसेल, तर कंपनीकडे दावा लावायचा. पूर्वी हा दावा १९२३ च्या कायद्याखाली व्हायचा, २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. तुमचं काम त्यात बसतं का, हे पहिल्याच भेटीत विचारा. अपघाताची लेखी खबर कंपनीला लगेच द्या आणि दावा दोन वर्षांच्या आत दाखल करा. कंपनीने वेळेत पैसे दिले नाहीत, तर वर्षाला १२ टक्के व्याजही मागता येतं.

माझ्या मैत्रिणीने तीस टक्क्यांचा कागद परत दिला आणि विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस गाठलं. तिला वकील मिळाले, दावा दाखल झाला. निकाल यायचाय. अर्जावरची सही डाव्या हाताची आहे, अगदी वाकडीतिकडी. पण जे मिळेल, ते पूर्ण तिचं असेल!