झाकलेल्या कामाला जबाबदार कोण?

परभणी शहरात किंवा सेलू, जिंतूर, गंगाखेडसारख्या तालुक्याच्या गावी स्वतःच्या प्लॉटवर घर बांधायला काढले की मालकाची गाठ निरनिराळ्या कारागिरांशी पडते. बोअर पाडणारा, पाया खोदणारा, सळई बांधणारा, सेंट्रिंगवाला, गवंडी, नळफिटिंगवाला, वायरिंगवाला, फरशीवाला आणि शेवटी रंगारी. यांच्यातल्या वायरिंगच्या ठेकेदाराकडे राज्याचा परवाना असलाच पाहिजे, हे बहुतेकांना निदान ऐकून तरी ठाऊक असते. बाकीच्यांची पात्रता म्हणजे कुणा पाहुण्याने केलेली शिफारस. गंमत अशी की तयार फ्लॅट विकून देणाऱ्या एजंटाला मात्र महारेराने २०२३ साली प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. म्हणजे घर विकून देणाऱ्याची परीक्षा होते आणि त्याच घराचा कॉलम ओतणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. यावर ‘मग सगळ्यांनाच परवाना सक्तीचा करा’ असा उपाय लगेच सुचतो. मला तो चुकीचा वाटतो. जे काम पूर्ण झाल्यावर जमिनीत, भिंतीत किंवा काँक्रीटमध्ये झाकले जाते आणि चुकल्यास पैसे मोजणाऱ्याखेरीज इतरांच्याही जिवावर बेतते, तेवढ्याच कामाला परवाना असावा. आणि तो त्या त्या कामाशी बांधलेला असावा. कार्यालयाच्या भिंतीवर चौकटीत लावण्यापुरता असेल तर नसलेलाच बरा.

आधी आज काय आहे ते पाहू. विजेच्या कामाचा नियम सर्वांत स्पष्ट आहे. भारतीय विद्युत नियम १९५६ मधल्या पंचेचाळिसाव्या नियमाने वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदारानेच, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या तारतंत्रीच्या हातून करावे अशी त्रिस्तरीय रचना घालून दिली. ती पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांत आली आणि आता २०२३ च्या विनियमांत आहे. महाराष्ट्रात हे परवाने उद्योग, ऊर्जा व कामगार विभागाच्या अखत्यारीतले अनुज्ञापक मंडळ देते. लिफ्टचे नियमन १९३९ च्या मुंबई कायद्यापासून चालत आले, त्याची जागा २०१७ च्या राज्य कायद्याने घेतली. आगप्रतिबंधक यंत्रणा बसवणारी संस्था परवानाधारक असावी आणि यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैत द्यावे, असे २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा सांगतो. महानगरपालिका अधिनियमात परवानाधारक प्लंबरची तरतूद आहे आणि परभणीची नगरपरिषद २०११ साली महानगरपालिका झाल्यापासून ती इथेही लागू आहे. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत अभियंता, संरचना अभियंता आणि पर्यवेक्षक यांच्या पात्रता दिल्या आहेत. राहिली सार्वजनिक बांधकाम विभागाची ठेकेदार नोंदणी. तिचे वर्ग कामाच्या रकमेवरून ठरतात, सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि मजूर सहकारी संस्था यांना कामवाटप समितीमार्फत वाटा मिळतो, आणि जीपच्या काचेवर ‘शासकीय कंत्राटदार’ असे लिहिण्याचा मान मिळतो तो वेगळाच. पण ही नोंदणी सरकारी तिजोरीची काळजी घेते. खाजगी घर बांधणाऱ्याचा तिच्याशी काही संबंध नाही. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणीही अशीच. नव्वद दिवस काम केल्याचा दाखला तिथे लागतो, काम येते का हे तिथे तपासले जात नाही, आणि ते तपासणे हा तिचा हेतूही नाही.

परवाना किती कामांना लावायचा, याची दुसरी टोकाची तऱ्हा अमेरिकेत कॅलिफोर्नियात सापडते. तिथल्या राज्य मंडळाची सुरुवात १९२९ ची. वीजकाम सी-१०, नळकाम सी-३६, विहीर-बोअर खोदणे सी-५७, असे एकेका हुन्नराचे स्वतंत्र वर्ग आहेत आणि प्रत्येक ठेकेदाराला पंचवीस हजार डॉलरचा हमीरोखा द्यावा लागतो. पण त्याच यादीत सी-३३ म्हणजे रंगकाम आणि सी-५४ म्हणजे फरशीकामही आहे. रंग उडाला, फरशी पोकळ वाजली तर ते मालकाला डोळ्यांनी दिसते, कानांनी ऐकू येते. तिथे राज्याने मध्ये पडायचे कारण काय? मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ सालच्या ‘कॅपिटॅलिझम अँड फ्रीडम’मध्ये हाच आक्षेप घेतला होता. परवान्याची मागणी बहुधा ग्राहक करत नाहीत, तो धंदा करणारेच करतात, कारण त्याने नव्यांना दार बंद होते, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी नुसती नोंदणी, कौशल्याचे प्रमाणपत्र आणि सक्तीचा परवाना अशा तीन पायऱ्या वेगळ्या केल्या. निष्कर्ष सोडून देऊ, पण ही विभागणी आपल्या उपयोगाची आहे. रंगाऱ्याला काहीच नको. गवंड्याकडे प्रमाणपत्र असले तर चांगले, नसले तर गुन्हा नाही. वायरिंग आणि बोअर यांना मात्र त्याहून पुढे जावे लागते.

बोअरचा प्रश्न परभणीत सर्वांत जवळचा, म्हणून त्यावर थोडे थांबू. गोदावरी, पूर्णा, दुधना अशा नद्या आणि जायकवाडीचा कालवा असूनही जिल्ह्याचा मोठा भाग जमिनीखालच्या पाण्यावर विसंबून आहे. खाली दख्खनचा काळा पाषाण. या खडकात पाणी सलग साठून राहत नाही. ते वरच्या कुजलेल्या मुरमात, मांजऱ्याच्या थरात आणि फटींत सापडते, खोल जाऊ तसा भरवसा कमी होतो. अशा जागी बोअर घेणे हा मुळातच जुगार, आणि त्यात दर फुटावर. ठराविक खोलीनंतर दर टप्प्याटप्प्याने चढतो, केसिंगचा हिशोब वेगळा. म्हणजे जितके खोल जाईल तितका बोअरवाल्याचा फायदा, आणि पाणी लागो न लागो, पैसे द्यायचेच. पाणाड्याने जागा दाखवली, एजंटाने यंत्र आणले, रात्रीतून काम झाले, पहाटे गाडी पुढच्या गावी. यंत्रे पुष्कळदा तमिळनाडूची, तिरुचेंगोडच्या बाजूची. केसिंग पाइप मुरूम ओलांडून पक्क्या खडकात टेकवला की मध्येच सोडला, हे शेतकऱ्याला कळायला मार्ग नाही. तो कमी पडला तर माती ढासळून बोअर बुजतो, वरचे घाण पाणी आत उतरते, मोटार अडकते. आणि हे उघड होते तेव्हा जबाबदार धरायला समोर कुणीच नसते. पक्की पावती नसेल तर ग्राहक आयोगापुढेही काय ठेवणार? आणि कोरडा गेलेला बोअर नुसता पोत्याने झाकून ठेवला तर त्याचा धोका शेतमालकापुरता उरत नाही. २००६ साली हरियाणातल्या कुरुक्षेत्राजवळ प्रिन्स नावाचा लहान मुलगा अशाच खड्ड्यात पडला, आणि त्याच्या सुटकेकडे सारा देश दूरचित्रवाणीवर डोळे लावून बसला होता.

म्हणून कायदा नाही, असे मात्र नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट निर्देश दिले. बोअर घेण्याच्या किमान पंधरा दिवस आधी मालकाने प्रशासनाला किंवा सरपंचाला लेखी कळवावे, खोदणाऱ्या प्रत्येक संस्थेची जिल्हा प्रशासनाकडे किंवा वैधानिक प्राधिकरणाकडे नोंदणी असावी, जागेवर खोदणाऱ्याच्या आणि मालकाच्या पत्त्याचा फलक असावा, काम चालू असताना कुंपण, नंतर पाइपाभोवती काँक्रीटचा ओटा, तोंडावर झाकण, आणि सोडून दिलेला बोअर तळापासून जमिनीपर्यंत भरून घ्यावा. राज्याचा २००९ चा भूजल अधिनियम जून २०१४ पासून लागू झाला. त्यातही खोदयंत्रांचे मालक आणि चालक यांच्या नोंदणीची तरतूद आहे, आणि साठ मीटरहून खोल विहिरींवर शेती व उद्योगासाठी बंधन आहे. शेजारच्या तेलुगू मुलखात २००२ च्या जल, भूमी व वृक्ष कायद्यानेही यंत्रांची नोंदणी मागितली. आता दोनशे फुटांच्या खाली गेलेले बोअर मराठवाड्याच्या कोणत्याही गावात मोजून पाहावेत. नियम मोडला असे कुणाच्या मनातही येत नाही, कारण नियम आहे हेच माहीत नाही. माझ्या मते याचे कारण लोकांच्या बेफिकिरीपेक्षा वेगळे आहे. बोअर पाडताना कोणत्याही टप्प्यावर कुणाच्या दारात जाऊन तो नोंदणी क्रमांक दाखवावा लागत नाही.

वायरिंगचे उलटे. महावितरणकडे नवी जोडणी मागताना परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल, म्हणजे बोलीभाषेतला टेस्ट रिपोर्ट, जोडावा लागतो; त्याशिवाय मीटर नाही. इथे दार आहे, म्हणूनच सत्तर वर्षे झाली तरी हा परवाना जिवंत आहे. पण दारावर फक्त कागद मागितला की कागदाचाच बाजार होतो. वायरिंग एकाने केलेली, अहवालावर सही दुसऱ्याची, आणि त्या दुसऱ्याने ते घर पाहिलेलेही नाही, हे महाराष्ट्रात कुणालाही नवे नाही. अर्थिंगचा खड्डा किती खोल, वायर कोणत्या जाडीची, गळती झाल्यास वीज तोडणारे उपकरण बसवले का, याची उत्तरे भिंतीत आणि जमिनीत राहतात. अपघात झाला की विद्युत अधिनियम २००३ नुसार विद्युत निरीक्षक चौकशी करतो, तेव्हा कुठे सही करणाऱ्याचा शोध सुरू होतो. हा अनुभव परवान्याच्या विरोधात मांडला जातो, आणि त्यात तथ्य आहे. पण त्यातून परवाना निरुपयोगी ठरत नाही. तो कामापासून सुटल्यावर काय होते, एवढेच दिसते.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत जोरकस आक्षेप लायसन-राजचा. १९९१ साली आपण ज्या परमिटांतून सुटलो तीच पुन्हा बोअरवाल्याच्या आणि प्लंबरच्या गळ्यात का घालायची? नवा परवाना म्हणजे नवे टेबल, नवी चिरीमिरी. पण त्या काळचे परवाने संख्येवर बंधन घालत, किती कारखाने, किती उत्पादन हे सरकार ठरवी. इथे संख्येची मर्यादा ठेवूच नये. जो चाचणीत उतरेल त्या प्रत्येकाला परवाना मिळावा आणि यादी सर्वांना पाहता येईल अशी खुली असावी. टंचाई नसली की टेबलाखालचा भावही पडतो, पूर्ण थांबत नसला तरी. दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. वडिलांच्या किंवा उस्तादाच्या हाताखाली शिकलेला, दहावीही न झालेला कारागीर यात मारला जाईल आणि आयटीआयचा कागद असलेला पण हात न बसलेला पोरगा पुढे येईल. हे भय खरे आहे, आणि म्हणूनच परीक्षा लेखी नको, प्रत्यक्ष कामाची हवी. केंद्राच्या कौशल्य योजनेत आधीच्या शिक्षणाला, म्हणजे अनुभवाने मिळवलेल्या हुन्नराला, प्रमाणपत्र देण्याची सोय आहेच. परभणीच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत अशी चाचणी मराठीत आणि उर्दूत घेता येईल. तिसरा आक्षेप खर्चाचा. बोअरचा दर फुटामागे वाढेल, हे मान्य. पण कोसळलेल्या बोअरचा, अडकलेल्या मोटारीचा आणि दुसऱ्यांदा घेतलेल्या बोअरचा खर्च आज शेतकरी एकटा सोसतो, त्याच्याशी ही वाढ ताडून पाहावी. जमीन माझी तर खालचे पाणीही माझे, मला कोण विचारणार, असा चौथा सूर निघतो. १८८२ च्या वहिवाट कायद्यापासून ही समजूत आपल्याकडे मुरली आहे. बोअरवाल्याच्या नोंदणीने मात्र मालकाच्या हक्काला धक्का लागत नाही. उलट त्याला धरायला एक नाव मिळते.

कामाशी बांधलेली जबाबदारी कशी दिसते, याचा एक नमुना जिल्ह्याच्या शिवारातच उभा आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकरी यादीतला पुरवठादार स्वतः निवडतो, आणि पाच वर्षांची दुरुस्ती व विमा त्या पुरवठादाराच्या माथी असतो. तक्रारी तिथेही आहेत, दुरुस्तीला माणूस वेळेवर येत नाही वगैरे. पण तक्रार कुणाच्या नावाने करायची हा प्रश्न तिथे पडत नाही. बोअरला हेच लावणे त्याहून सोपे, कारण खोदयंत्र ही लपवता न येणारी वस्तू आहे. पाया भरणारी टोळी कुठेही विरघळून जाते, बोअरची गाडी गावभर धुराळा उडवत येते आणि तिला क्रमांकाची पाटी असते. ग्रामपंचायतीने काम सुरू होण्याआधी नोंदणी क्रमांक टिपावा. काम झाल्यावर बोअरवाल्याने खोली, केसिंगची लांबी, पाणी कोणत्या फुटावर लागले आणि तोंड कसे बंद केले याची छायाचित्रांसह एकपानी नोंद मालकाला द्यावी, तीच पावती मानावी. नव्या मोटारीसाठी वीजजोडणी मागताना ती नोंद जोडायला लावली की बोअरलाही वायरिंगसारखे दार मिळेल. कोरड्या बोअरला जोडणीच लागत नसल्याने तिथे हे दार उपयोगाचे नाही. तिथे रकमेचा शेवटचा हप्ता बोअर भरल्याच्या किंवा झाकण बसवल्याच्या छायाचित्रावरच द्यायचा, एवढा संकेत ग्रामसभा पाडू शकते. नुसत्या नोंदीमुळे आणखी एक गोष्ट साधेल. कोणत्या शिवारात किती फुटांवर काय लागले, ही माहिती भूजल सर्वेक्षण यंत्रणेला निरीक्षण विहिरींपलीकडे, हजारो छिद्रांतून मिळेल, आणि पुढच्या शेतकऱ्याला पाणाड्याच्या नारळाशेजारी ठेवायला दुसरे काहीतरी असेल. परराज्यातल्या गाडीची नोंद जिल्ह्यात एकदाच व्हावी की दर हंगामाला, आणि ती तहसीलदाराकडे की भूजल कार्यालयात, हे मात्र त्या धंद्यातल्या लोकांना समोर बसवूनच ठरवावे लागेल.