सही कोणाची?

बँकॉकला नोव्हेंबर 2018 मध्ये भरलेल्या इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सच्या, अर्थात इंटरनेटची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या आयईटीएफच्या, बैठकीत मागच्या रांगेत बसून मी जो कारभार पाहिला, तो कोणत्याही विधिमंडळात दिसला नसता. प्रारंभी पडद्यावर ‘नोट वेल’ ही सूचना झळकली, जिच्या अन्वये चर्चेत भाग घेणाऱ्यावर आपल्या वा आपल्या कंपनीच्या, स्वतःला ठाऊक असलेल्या, संबंधित पेटंटांची वाच्यता करण्याचे बंधन येते. मग सह्यांचा निळा कागद हातोहात फिरला. आणि निर्णयाची घटका आली तेव्हा एकही हात वर न होता, आधी मसुदा मान्य असणाऱ्यांनी व मागाहून अमान्य असणाऱ्यांनी ओठ मिटून हुंकार दिला, व अध्यक्षांनी कानानेच कौल अजमावला.

1986 साली 21 जणांनिशी सुरू झालेल्या या सभेला सभासद नाहीत. येणारा स्वतःच्या नावाने येतो, कंपनीचा वकील म्हणून नव्हे. आपल्याकडे देवाच्या मूर्तीलाही कायदा व्यक्ती मानतो, तिच्या नावे जमीन असते, दावा चालतो. या सभेच्या नशिबी तेवढेही व्यक्तित्व नव्हते. मग हॉटेलच्या करारनाम्यावर सही कोणाची, आणि कोणी फिर्याद गुदरलीच तर समन्स कोणावर बजावायचे?

ही जोखीम 1992 साली स्थापन झालेल्या इंटरनेट सोसायटीने पत्करली: करार तिच्या नावे, विमा तिचा, आणि पुढे ‘डॉट ऑर्ग’च्या नोंदणीतून येणाऱ्या उत्पन्नातला मोठा आधारही तिचाच. दस्तऐवजांचे हक्क 2005 साली स्वतंत्र विश्वस्तनिधीकडे गेले. ऑगस्ट 2018 मध्ये आयईटीएफच्या कारभारासाठी डेलावेअरच्या कायद्याखाली मर्यादित दायित्वाची कंपनी निघाली, जिची एकमेव सभासद सोसायटी. आणि तरीही या कागदोपत्री मालकिणीला वा कंपनीला कोणत्याही मानकातला एक काना इकडचा तिकडे करण्याची मुभा नाही. हा तह मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात विश्वासापेक्षा दक्षता अधिक आहे.

2020 साली कायम झालेल्या घटनेनुसार कंपनीच्या संचालकांच्या पाच मूळ जागांपैकी सोसायटी एकच भरते. आयईटीएफचे अध्यक्ष पदसिद्ध, आणि उरलेले तिघे नामनिर्देशन समिती निवडते. समितीचे मताधिकारी दहा जण स्वेच्छेने नावे देणाऱ्यांतून सोडतीने ठरतात, आणि तीही अशी की आधी जाहीर केलेल्या स्रोतांतले, लॉटरीच्या निकालासारखे, आकडे घेऊन कोणीही घरबसल्या ती पडताळावी. सोडत पार पाडणारा समितीचा अध्यक्ष मात्र सोसायटीच्या प्रमुखांनी नेमलेला असतो, आणि त्याला मत नसते.