मुलुंडच्या ग्राहकास पाठवावयाचे आंब्याचे छायाचित्र

देवगड किंवा रत्नागिरीकडील बागाईतदाराचा आंबा मुलुंडच्या ग्राहकाच्या घरी पोहोचण्यापूर्वी आता त्याचे छायाचित्र पोहोचते. जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने बाजार आवाराबाहेरील फळे व भाजीपाला यांच्या विक्रीवरील नियमन उठविले. पुढे २०२० च्या टाळेबंदीत शहरांतील गृहनिर्माण संस्थांनी शेतकऱ्याकडून थेट माल मागविण्याचा प्रघात वाढला. पूर्वी ग्राहक गाळ्यावर पेटी उघडून वानगी पाहत असे. आता ते काम व्हॉट्सॲपच्या गटातील चित्र करते. चित्र अस्पष्ट असल्यास मागणी येत नाही आणि फसवे असल्यास पेटी परत येते. नाशवंत फळाचा परतीचा प्रवास म्हणजे निव्वळ नुकसानच होय.

भ्रमणध्वनीवरील छायाचित्र हे रंगीत ठिपक्यांचे बनलेले असते. या ठिपक्यास पिक्सेल म्हणतात. चार हजार ठिपके रुंद व तीन हजार उंच अशा चित्रात एकूण १ कोटी २० लाख ठिपके भरतात. असे चित्र व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठविले असता त्याची लांब बाजू सुमारे १६०० ठिपक्यांवर आणली जाते. म्हणजे १६०० गुणिले १२००, अर्थात १९ लाख २० हजार ठिपके उरतात. सुमारे सहा ठिपक्यांच्या जागी एक. गेलेला तपशील पुढे चित्र कितीही मोठे केले तरी परत येत नाही.

याचा व्यवहारातील अर्थ असा. खळ्यावर मांडलेल्या पेट्यांचे दीड मीटरहून थोडे अधिक, म्हणजे १६० सें.मी. रुंदीचे दृश्य टिपले, तर पाठविलेल्या चित्रात एका मिलिमीटरास एकच ठिपका येतो. करप्याचा बारीक डाग अथवा फळमाशीने केलेले छिद्र त्यात दिसावयाचे नाही. तेच चित्र ४० सें.मी. रुंदीतील फळांचे घेतले, तर मिलिमीटरास चार ठिपके मिळतात आणि सालीचा पोत ओळखू येतो. म्हणून एक चित्र पेट्यांचे व एक जवळून घेतलेल्या पाच-सहा फळांचे, अशी दोन चित्रे पाठविणे श्रेयस्कर. दूरच्या चित्रातील काही भागच दाखवावयाचा असल्यास तो मूळ चित्रातून आधी कापून घ्यावा व मग पाठवावा. कापलेला भाग १६०० ठिपक्यांइतका रुंद असेल तर तो फारसा लहान होत नाही. आधी पाठवून मग कापणे हा उलटा क्रम होय, आणि बहुतेक ठिकाणी तोच अवलंबिला जातो.

व्हॉट्सॲपमध्ये २०२३ पासून ‘एचडी’ हा पर्याय मिळतो. त्यात तपशील अधिक राहतो. चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास ते मुळीच लहान केले जात नाही. मात्र त्यासोबत चित्र घेतल्याच्या स्थळाची नोंदही जाऊ शकते. बागेचा ठावठिकाणा अनोळखी गटात जाऊ नये असे वाटत असेल, तर कॅमेऱ्यातील स्थळनोंद आधीच बंद करावी. इन्स्टाग्रामसाठी १०८० रुंद व १३५० उंच असे उभे चित्र सोयीचे असते. स्टेटसवर १०८० गुणिले १९२० हे प्रमाण पडदा पूर्ण भरते. पेटीचे आडवे चित्र तेथे टाकल्यास वरखाली रिकाम्या पट्ट्या उरतात.

‘जेपेग’ प्रकारचे चित्र साठविताना त्याचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडले जातात व डोळ्यास सहसा न जाणवणारा तपशील टाकून दिला जातो. तेच चित्र वारंवार बदलून साठविले, तर दर वेळी आणखी काही जाते, आणि अखेर आंब्याभोवती मळकट कडा दिसू लागतात. यास्तव मूळ चित्र वेगळे जपावे. प्रत्येक नवी प्रत मूळ चित्रावरूनच काढावी. भाव व वजन चित्रावर लिहिण्याऐवजी खाली संदेशात लिहावे. भाव बदलला म्हणजे नवे चित्र करावे लागत नाही, आणि अक्षरेही फुटत नाहीत.

आकारापेक्षा रंगाची काळजी अधिक घ्यावी लागते. निळ्या ताडपत्रीखाली घेतलेल्या चित्रात पिवळा आंबा हिरवट व मलूल दिसतो. सकाळी, मोकळ्या सावलीत, पांढऱ्या कागदावर फळे मांडून चित्र घ्यावे. त्यापूर्वी कॅमेऱ्याची काच मऊ फडक्याने पुसावी. खिशातील घामाने ती धूसर झालेली असते. शेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवले, तर त्याच्या २७ मि.मी. व्यासावरून फळाचा आकार ग्राहकास अजमावता येतो. रंग भडक करणारे फिल्टर वापरू नयेत. हिरवे फळ केशरी दाखविणारा पहिल्या हंगामात विकतो खरा. पण दुसऱ्या हंगामात त्याच गटात त्यास कोणी विचारीत नाही.

चित्राखालील मजकुरही तितकाच नेमका असावा. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील फळास लागू आहे. अन्य प्रांतीच्या आंब्याच्या चित्राखाली ‘देवगड हापूस’ लिहिणे उचित नव्हे. तसेच फळातील साका बाहेरून दिसत नाही, म्हणून तो कोणत्याही छायाचित्रात येत नाही. साका निघालेले फळ बदलून देण्याची अट विक्रेत्याने पहिल्याच संदेशात लिहून ठेवावी, आणि ग्राहकाकडून कापलेल्या फळाचे चित्र मागवावे. ते चित्र मात्र जवळून घेतलेले, फळाच्या दोन्ही फोडी एकत्र दाखविणारे व पेटीवरील खुणेसह असावे.