लिनक्सच्या कन्सोलवर कीबोर्ड अडतो तेव्हा

लिनक्सच्या काळ्या पडद्यावर पहिल्यांदा लॉगिन करणाऱ्याची गोची ठरलेली. नाव टाइप होतं, एंटर दाबलं की पासवर्ड मागितला जातो, आणि मग कितीही बटणं दाबली तरी पडद्यावर काही उमटत नाही. ना अक्षर, ना चांदणी. ‘कीबोर्ड गेला’ म्हणून माणूस केबल काढून परत लावतो. कीबोर्ड मात्र व्यवस्थित चालू असतो. पासवर्ड किती अक्षरांचा आहे हेही शेजारच्याला कळू नये, म्हणून लॉगिन प्रोग्रॅम तेवढ्यापुरतं उमटवणं मुद्दाम बंद ठेवतो. न बघता पूर्ण पासवर्ड टाइप करायचा आणि एंटर दाबायचं, बस्स.

पुढचे गैरसमज सुटायला बटणापासून अक्षरापर्यंतची वाट माहीत हवी. बटण दाबलं की कीबोर्ड एक आकडा पाठवतो. कर्नेलमधला ड्रायव्हर त्याचा लिनक्सचा कीकोड करतो: ‘ए’ बटणाचा ३०, एंटरचा २८, कॅप्स लॉकचा ५८. कोणत्या कीकोडचं कोणतं अक्षर, हे कीमॅप नावाचा तक्ता ठरवतो. तिथून अक्षर टीटीवाय या थरात येतं. कंट्रोल-सीची दखल तिथे घेतली जाते आणि अक्षर पडद्यावर दाखवायचं की नाही तेही तिथेच ठरतं. मग ते प्रोग्रॅमच्या हाती पडतं. यातला प्रत्येक टप्पा वेगळा तपासता येतो. नवा कीबोर्ड आणण्याआधी किंवा सगळी सिस्टीम पुसून पुन्हा टाकण्याआधी तेवढं जरूर करा, ही कळकळीची विनंती.

तपासायचं साधन म्हणजे ‘शोकी’ ही कमांड. ती चालवून अडलेलं बटण दाबा. कीकोड दिसला, तर बटण, केबल आणि ड्रायव्हर तिन्ही ठीक आहेत. खोट पुढे कुठेतरी आहे. इतर बटणांचा कीकोड येतो आणि या एकाचाच येत नाही, तर बटणावर संशय घ्यायला जागा आहे. शेवटचं बटण दाबल्यावर दहा सेकंदांनी शोकी आपोआप थांबते, त्यामुळे अडकायची भीती नाही. मात्र ती खऱ्या कन्सोलवरच चालवायची, म्हणजे कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून जो पडदा येतो त्यावर. डेस्कटॉपवरच्या टर्मिनल खिडकीत ती कन्सोल सापडत नसल्याची तक्रार करते, आणि पुष्कळजण त्यालाच बिघाड समजतात.

‘ग्रबच्या मेनूत बाण चालतात, मग पुढे कीबोर्ड बंद पडतो म्हणजे लिनक्सच खराब.’ ग्रब हा लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम मदरबोर्डच्या फर्मवेअरच्या आधाराने कीबोर्ड वाचतो. कर्नेलने ताबा घेतला की तो आधार सुटतो आणि यूएसबी कीबोर्डसाठी कर्नेलचे स्वतःचे ड्रायव्हर लागतात. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर पासवर्ड अगदी सुरुवातीला, इनिटरॅमएफएस या कर्नेलसोबत चढणाऱ्या छोट्या तात्पुरत्या सिस्टीममध्ये विचारला जातो. त्यात ते ड्रायव्हर नसले की कीबोर्ड मुका. जुन्या कर्नेलने किंवा लाइव्ह पेनड्राइव्हने मशीन चालू करून इनिटरॅमएफएस नव्याने बनवायचं, हा त्यावरचा उपाय.

‘पासवर्ड बरोबर आहे तरी लॉगिन नाकारलं जातं, म्हणजे कुणीतरी तो बदलला.’ असा निष्कर्ष काढण्याआधी कीमॅप बघा. आपल्याकडे बहुतेक कीबोर्ड अमेरिकन मांडणीचे असतात. इन्स्टॉल करताना चुकून ब्रिटिश मांडणी निवडली गेली, तर शिफ्ट-२ दाबल्यावर ॲटच्या चिन्हाऐवजी दुहेरी अवतरणचिन्ह पडतं. जर्मन मांडणीत वाय आणि झेड यांची अदलाबदल असते. पासवर्ड दिसत नसल्याने हे कळायला मार्ग नसतो. पण नाव विचारलं जातं तिथे टाइप केलेलं दिसतं! संशयित चिन्हं तेवढी तिथे उमटवून पाहा आणि खोडून टाका. पूर्ण पासवर्ड तिथे लिहू नका आणि एंटर तर दाबूच नका, कारण चुकीचं नाव म्हणून तो लॉगमध्ये जाऊन बसू शकतो. पासवर्डमधले आकडे उजवीकडच्या नंबर पॅडवरून टाइप करत असाल, तर नम लॉकचा दिवाही पाहून घ्या.

डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये मांडणी बदलली की कन्सोलचीही बदलते, हेही गृहीत धरू नये. डेस्कटॉपची मांडणी एक्सकेबी सांभाळतं, कन्सोलचा तक्ता कर्नेलमध्ये असतो. ‘लोडकीज यूएस’ म्हटलं की तो लगेच बदलतो, पण रीबूट होईपर्यंतच. कायमचा बदल फेडोरा आणि आर्चवर ‘लोकलसीटीएल सेट-कीमॅप’ने होतो, डेबियन आणि उबुंटूवर कीबोर्ड-कॉन्फिगरेशन हे पॅकेज पुन्हा कॉन्फिगर करून.

‘पडदा गोठला, मशीन हँग झालं.’ यामागे पुष्कळदा कंट्रोल-एस असतं. सेव्ह करायच्या सवयीने बोटं तिकडे वळतात, आणि टीटीवायला मात्र ती ‘थांब’ अशी खूण वाटते. टेलिटाइप यंत्रांच्या काळापासून हा रिवाज चालत आला आहे: आस्कीतला १९ क्रमांक म्हणजे थांब, १७ म्हणजे चालू कर. म्हणून कंट्रोल-क्यू दाबलं की पडदा पुन्हा हलतो. स्क्रोल लॉक दाबलं गेलं तरी कन्सोल असाच थांबतो. तेच बटण पुन्हा दाबायचं. गोठलेल्या पडद्यावर वैतागून काहीबाही टाइप करणं धोक्याचं, कारण ते सगळं रांगेत साठतं आणि पडदा सुटताच कमांड म्हणून चालतं. कंट्रोल-ऑल्ट-डिलीटही दाबू नका. विंडोजसारखा मेनू येत नाही. सिस्टीमडी असलेल्या बहुतेक मशीनवर सरळ रीबूट सुरू होतं.

एखादा प्रोग्रॅम मध्येच मेला आणि नंतर टाइप केलेलं दिसेनासं झालं, तर न बघता ‘एसटीटीवाय सेन’ टाइप करून कंट्रोल-जे दाबा. एंटरची नेहमीची ओळख हरवलेली असली तरी कंट्रोल-जे चालतं.

ग्राफिक्सचा प्रोग्रॅम कोसळताना कीबोर्ड रॉ मोडमध्ये, म्हणजे बटणांची अक्षरं न होणाऱ्या अवस्थेत, सोडून गेला, तर मात्र कंट्रोल-ऑल्ट-एफ२सुद्धा चालत नाही. अशा वेळी ऑल्ट-सिस्आरक्यू-आर कीबोर्ड परत मिळवून देतं, असं सर्रास सांगितलं जातं. ते सगळीकडे लागू नाही. सिस्आरक्यूच्या कोणत्या आज्ञा चालू द्यायच्या हे एका आकड्याने ठरतं, आणि उबुंटूवर तो मुळात १७६ असतो, म्हणजे १२८, ३२ आणि १६ यांची बेरीज. कीबोर्डसाठी लागणारा ४ त्यात धरलेलाच नाही. मग दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने आत शिरून, रूटच्या अधिकाराने त्या टीटीवायसाठी ‘केबीडी_मोड मायनस यू’ द्यायचं. ते नकार देत असेल तर मायनस एफ जोडायचं.

आपल्या लोकांचा हमखास प्रश्न: डेस्कटॉपवर इनस्क्रिप्ट चालतं, मग कन्सोलवर मराठी का नाही? यात कीबोर्डचा दोष नाही. कन्सोलच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात, प्रत्येक आकृती आपापल्या चौकटीत बसते, आणि काना-मात्रा, जोडाक्षरं जुळवायची सोय कर्नेलमध्ये नाही. फाइलचं मराठी नाव तिथे चौकोन किंवा प्रश्नचिन्हांसारखं दिसलं तरी फाइल शाबूत असते, म्हणून घाबरून ती पुसू नका. टॅबने नाव पूर्ण करून किंवा तारांकन वापरून ती उघडता, हलवता येते. नावं वाचायचीच असतील तर डेस्कटॉपवरच्या टर्मिनलमधून एसएसएचने त्या मशीनवर जा.