कोरी पाटी आणि लाल गाडी

गेल्या दिवाळीत माझा भाचा फराळाला आला, तो पडलेला चेहरा घेऊनच. वय चोवीस, नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं. टर्बो इंजिनची, लाल रंगाची एक चपळ गाडी त्यानं पसंत केली होती, पण कर्ज नाकारलं गेलं. "मामा, मी आजवर कुणाचा रुपया बुडवला नाही. मग असं का?" मी बँकेच्या कर्ज विभागात अनेक वर्षं काढली, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला. तो आज पुष्कळ घरांत विचारला जात असेल.

उत्तर त्याच्या वाक्यातच होतं. त्यानं कुणाचं बुडवलं नव्हतं, तसं कुणाचं फेडलंही नव्हतं. आपल्या कर्जफेडीची नोंद पतमाहिती कंपन्या ठेवतात. 'सिबिल' ही त्यातली सर्वांत परिचित. या नोंदीवरून ३०० ते ९०० या पट्ट्यात गुण मिळतात. ज्यानं कधी कर्ज किंवा क्रेडिट कार्ड घेतलं नाही, त्याच्या गुणांच्या जागी 'एनएच', म्हणजे इतिहास नाही, असा शेरा येतो. पाटी कोरी असणं हा डाग नव्हे. रिझर्व्ह बँकेनं कर्जासाठी किमान गुण ठरवून दिलेले नाहीत, आणि केवळ पूर्वइतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असं केंद्र सरकारनं २०२५ मध्ये संसदेत स्पष्ट केलं. मात्र पगार, नोकरीचा काळ, इतर देणी पाहून निर्णय घ्यायचा अधिकार बँकेचाच राहतो.

भाच्यानं आणखी एक चूक केली होती. एका ठिकाणी नकार मिळताच त्यानं आठवड्याभरात आणखी तीन ठिकाणी अर्ज टाकले. प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदीत उमटते. कोऱ्या पाटीवर पहिल्याच ओळी घाईच्या उमटल्या. आपला अहवाल आपणच पाहिला, तर गुण कमी होत नाहीत. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा तो विनामूल्य मिळतो. आधी तो पाहावा, मग अर्ज करावा.

शोरूममधल्या माणसानं त्याला सोपा उपाय सुचवला होता: "आईंना सहकर्जदार करा." ताई सही करायला तयारही होती. माझी काळजी इथंच होती. ताई दोन वर्षांनी निवृत्त होणार आणि कर्ज सात वर्षांचं. सहकर्जदाराची सही म्हणजे ओळखीचा दाखला नव्हे. ते कर्ज तिचंही होतं. मुलाचा हप्ता चुकला, तर शेरा आईच्या नोंदीतही पडतो. तिला घराच्या दुरुस्तीसाठी कर्ज काढायचं होतं, तिथं हे देणं आधी मोजलं गेलं असतं. मुलाच्या हौसेला आईची सही लागत असेल, तर आईनं संपूर्ण हिशेब आधी पाहिलाच पाहिजे.

तो हिशेब आम्ही फराळाच्या ताटाशेजारीच मांडला. आठ लाखांचं कर्ज, व्याज १० टक्के. पाच वर्षांसाठी हप्ता सुमारे १७,००० रुपये, एकूण व्याज २ लाख २० हजार. सात वर्षांसाठी हप्ता १३,३०० च्या आत येतो, पण व्याज ३ लाख १५ हजारांवर जातं. हप्ता हलका झाला, गाडी मात्र महाग झाली. दुसरी मेख 'फ्लॅट' दराची. सात टक्के फ्लॅट दरानं पाच वर्षांसाठी हप्ता १८,००० येतो. तो घटत्या शिलकीच्या हिशेबानं साडेबारा टक्के पडतो. म्हणून दर ऐकला की 'घटत्या शिलकीवर का?' हे विचारावं. शिवाय आरटीओचा कर, विमा, पेट्रोल आणि टायर हप्त्यात नसतात. सगळं फिटेपर्यंत आरसीवर बँकेचा बोजा असतो. फिटल्यावर बँकेचं ना-हरकत पत्र घेऊन तो आरटीओत उतरवून घ्यावा लागतो.

मग कोऱ्या पाटीवर लिहायचं कसं? छोटी मुदत ठेव ठेवून तिच्या तारणावर क्रेडिट कार्ड घ्यावं. महिन्याला थोडी खरेदी करून पूर्ण बिल मुदतीत भरावं, 'किमान रक्कम' भरून थांबू नये. साधारण सहा महिन्यांत गुण दिसू लागतात.

आणि हप्त्याचा सराव करावा. गाडी घेण्याआधीच हप्ता, पेट्रोल आणि विमा मिळून होणारी रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकायची. भाच्यानं हे सुरू केलं. दोन महिने जमलं, तिसऱ्या महिन्यात मित्राचं लग्न आलं आणि सहा हजार कमी पडले. ओशाळून त्यानं मला फोन केला. मी म्हटलं, "अरे, हे आत्ता कळलं ते बरं झालं. कर्ज असतं, तर हीच गोष्ट तुझ्या आणि आईच्या नोंदीत गेली असती."

गाडी अजून शोरूममध्येच आहे. साठलेले पैसे सुरुवातीला भरून कर्ज लहान करायचं, असं त्यानं ठरवलंय. रंग मात्र लालच हवा, म्हणतो. त्याला माझी हरकत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)